चार विरुद्ध एक

करंजाडे, मंगळवार

तीर्थरूप मंजुषामावशीस,

राजनंदिनीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा, काकांची शुगर आणि कोरेगावच्या घरामागचं सीताफळाचं झाड, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा करते. इकडे आई बरी आहे, पप्पा बरे आहेत, आणि मी सोडून आमच्या सोसायटीतलं सगळंच बरं आहे, लिफ्टसुद्धा. तू म्हणशील, हातात फोन असताना ही पत्र काय लिहीत बसलीये. तर फोनवर बोलायला आमच्या घरात अशी एकही खोली नाही जिच्यात आई नसते. आणि मेसेज पाठवला तर तुझा फोन काका वाचतात, वर मोठ्यानं वाचून दाखवतात. पाकिटाला ते हात लावत नाहीत, त्यांना बिल वाटतं.

मागणं काही नाही, मन मोकळं करायचंय एवढंच. तू बावीस वर्षं पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसलीस, तेव्हा हे कळलं तर तुलाच कळेल.

आमच्या खारघरच्या कॉलेजचे एक माजी विद्यार्थी आहेत, दिलीपसाहेब. बेलापूरला त्यांचा नळ आणि शॉवर विकायचा मोठा धंदा आहे. गेल्या जुलैत त्यांनी कॉलेजला पाच लाख रुपये दिले आणि सांगितलं, की धंदा काढू पाहणाऱ्या मुलांना यातून भांडवल द्या, पण कुणाला द्यायचं ते मुलांनीच ठरवायचं, प्राध्यापकांनी मध्ये पडायचं नाही. (प्राध्यापक इतक्या आनंदानं बाजूला झाले, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.) हे कर्ज नाही, मावशी. पैसे द्यायचे आणि त्या धंद्यात लहानसा वाटा घ्यायचा; धंदा चालला तर तो वाटा पुढच्या मुलांच्या कामाला येणार. पाच जणांची कमिटी झाली आणि अध्यक्ष मी. निवडून वगैरे नाही. पहिल्या मीटिंगला वेळेवर पोचलेली मी एकटीच होते.

पप्पांनी ही बातमी वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गाळ्यागाळ्यातून फिरवली. आपली नंदी पैसे मंजूर करते, असं. एका रविवारी आमच्या बिल्डिंगखाली एक पंचावन्न वर्षांचे गृहस्थ फाइल घेऊन बसलेले. पप्पांच्याच टोळीतले हमाल, त्यांना टेम्पो घ्यायचा होता. मी समजावलं की हे फक्त कॉलेजातल्या मुलांसाठी आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ॲडमिशन कधी सुरू होतात ते विचारलं.

अर्ज आले एकतीस. त्यातली चोवीस ॲपं. आपल्यासारख्याच वयाच्या मुलांना समोर उभं करून पाच वर्षांनी तुमचा धंदा कुठं असेल असं विचारायचं, हे आमचं काम. (आम्हा पाचांपैकी चौघांना दुपारी डब्यात काय आहे तेही माहीत नसायचं, आणि पाचवा कुलदीप, त्यानं स्वतःचा डबा सकाळीच संपवलेला असायचा.) हिशेबाचं काम योगिनीकडं होतं. ती हुशार आहे, फार हुशार, आणि तिच्यासमोर मला नेहमी आपली ओढणी वाकडी झाल्यासारखं वाटतं.

सगळ्यात देखणं प्रेझेंटेशन विश्वजितचं होतं. त्याचं ॲप कॉलेजच्या कँटीनमध्ये लाइन किती मोठी आहे ते सांगणार होतं. कँटीन वर्गाच्या खिडकीतून दिसतं हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, इतके रंगीत आलेख होते. आम्ही त्याला एक लाख ऐंशी हजार दिले. त्याचे टी-शर्ट आले, मांडी घालून बसायच्या मऊ गाद्या आल्या, उद्घाटनाला केक आला. मग अडचण अशी निघाली, की लाइन किती आहे हे लाइनमधल्या माणसानं कळवायचं, आणि ते कळवायला कुणी तयार नव्हतं. म्हणून विश्वजितनं चार मुलं पगारावर लाइनीत उभी केली. त्या चौघांमुळं लाइन वाढली. लाइन वाढलेली ॲपवर बघून बाकीचे बाहेर वडापाव खायला जायला लागले, आणि डिसेंबरात कँटीनवाल्यानं ठेका सोडला. जानेवारीत विश्वजितला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्यानं आम्हाला सगळ्यांना एक छान मेसेज पाठवला, की या अपयशातून आपण खूप शिकलो. गाद्या माझ्या ताब्यात आहेत.

हे हसण्यावारी जाईल गं. आता जे लिहिते ते जात नाहीये.

त्याच सप्टेंबरात प्रणयचाही अर्ज होता. प्रणय म्हणजे माझ्या वर्गातला, बेलापूरजवळच्या कोळीवाड्यातला, ज्याच्याबद्दल मी तुला दिवाळीत सांगितलं होतं आणि तू उगाच भुवया उडवल्या होत्यास. (तसं काही नाही. अकाउंट्सच्या नोट्स आणि एक छत्री, एवढंच आमच्यात आहे.) त्याची आई कमळीकाकू मासळी विकते. खारघरच्या टॉवरमधल्या बायका ऑफिसातून सात वाजता येणार, त्यांना मासळी हवी पण साफ करायला वेळ नाही; तर सकाळीच ऑर्डर घ्यायची, आईनं आणि शेजारणींनी ती साफ करायची, आणि यानं बर्फाच्या पेटीतून घरपोच द्यायची. मागितले होते पंचेचाळीस हजार. जुनी स्कूटर आणि दोन पेट्या. सहा महिने तो हे सायकलवर करतच होता, अठरा घरं कायमची गिऱ्हाईकं झाली होती. आलेख नव्हते. एक वही होती.

तो पहाटे धक्क्यावर जाऊन तसाच कॉलेजला आलेला. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण वास काय इस्त्रीनं जातो? योगिनीनं रुमाल नाकाशी नेला. मुद्दाम नाही, सहज. दुसऱ्या एकानं विचारलं, पाच वर्षांनी तुमचा विस्तार किती शहरांत असेल. प्रणय म्हणाला, पाच वर्षांनी खाडीत मासळी किती असेल ते मला सांगता येणार नाही, पण उद्याची ऑर्डर सांगतो. आणि वही उघडून खरंच वाचायला लागला. पापलेट दोन, मांदेली अर्धा किलो, सहावा मजला, बेल वाजवू नका, बाळ झोपतं. कुणीतरी हसलं.

मत चिठ्ठीवर द्यायचं होतं. पाच चिठ्ठ्या उघडल्या. चार नको, एक हो.

मावशी, ती एक माझी नव्हती.

मी स्वतःला नंतर पुष्कळ कारणं सांगितली. आमची मैत्री सगळ्यांना माहीत होती, अध्यक्षानं पक्षपात केला असं कुणी म्हणू नये, वगैरे. पण मग मी मतच द्यायचं नव्हतं, बाजूला बसायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. खरं कारण तो रुमाल. तो रुमाल वर गेला आणि मला लाज वाटली, आणि ती योगिनीची वाटली नाही, प्रणयची वाटली. मी. जिचे पप्पा रोज कांद्याच्या वासाचा शर्ट दारामागं टांगतात.

ती एक चिठ्ठी कुलदीपची होती. त्यानंच मला नंतर सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाला, आमच्या घरी त्याचंच पापलेट येतं, चांगलं असतं. आख्ख्या कमिटीत माल तपासलेला माणूस हा एकच.

आता येत्या शनिवारी दिलीपसाहेब वर्षाचा आढावा घ्यायला येतायत. आमच्याकडं दाखवायला गाद्या आहेत. म्हणून कमिटीनं ठरवलं, की अध्यक्षांनी प्रणयकडं जावं आणि उरलेल्यातले पैसे घ्यायला त्याला विनवावं. गेल्या रविवारी गेले. घराबाहेर दोन स्कूटर उभ्या, पडवीत सहा बायका कोळंबी सोलतायत. त्याला पैसे कधीच मिळाले होते. वाड्यातल्या बायकांची एक भिशी आहे, जाईबाई म्हणून एक म्हातारी ती चालवते. तिनं एकच प्रश्न विचारला होता म्हणे, की गाडी बंद पडली त्या दिवशी मासळीचं काय करशील. तो म्हणाला, सायकल ठेवलीये. दहा मिनिटांत काम झालं. आम्ही त्याच्या अर्जावर तीन आठवडे बसलो होतो.

आमच्या पैशांना तो सरळ नको म्हणाला. रागानं नाही. मी उठायला लागले तर कमळीकाकूंनी हात धरून बसवलं आणि पुढ्यात बोंबील आणि भाकरीचं ताट ठेवलं. मी नको नको म्हणत होते.

"खा गो पोरी," त्या म्हणाल्या. "माज्या पोराच्या बाजूनं तूच एकली व्हतीस. त्यानी सांगलाय मना."

मी प्रणयकडं बघितलं. तो खाली बघून हसत होता. बोर्डावर लागलेले चार-एकचे आकडे वाचून सहा महिने तो असंच समजून चाललाय, की ती एक चिठ्ठी माझी.

आणि मावशी, मी खाल्लं. तोंड उघडून एक शब्द बोलले नाही आणि तीन बोंबील खाल्ले. चांगले होते, हे आणखी वाईट. निघताना त्यांनी पिशवीत सुकट बांधून दिली. ती मी अजून उघडली नाही. आई रोज विचारते कसला वास येतोय, आणि मी म्हणते, गटाराचा.

झोप नाही, अभ्यास नाही. प्रणय वर्गात माझ्यासाठी जागा धरून ठेवतो आणि मी लायब्ररीत जाऊन बसते. राजीनामा लिहून ठेवलाय, पण तो घेणारा अध्यक्षच असतो असं नियमात आहे. काकांना नमस्कार सांग. हे पत्र वाचून झाल्यावरही तू मला ओळख दाखवलीस तर उपकार होतील.

तुझी नालायक भाची,
राजनंदिनी

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. दिलीपसाहेबांना आढाव्याला बाहेरचा एक जाणता माणूस हवा होता, ज्यानं लोकांचे अर्ज आयुष्यभर तपासलेत. मी तुझं नाव देऊन बसलेय. शनिवारी अकरा वाजता. पप्पा पनवेल स्टँडवर घ्यायला येतील. त्यांना यातलं काही माहीत नाही, ते फक्त पाहुणी मावशी येतेय म्हणून खूश आहेत.

आणखी ता. क. प्रणय आणि कमळीकाकूंनाही बोलावलंय. नाकारलेल्यांचंही म्हणणं ऐकावं, असं मीच सुचवलं.

शेवटचं. कमिटीला प्रश्न विचारायचा हक्क पाहुण्यांना असतो. सगळ्यांसमोर मला विचार, की मासळीच्या अर्जावर तू काय मत दिलंस आणि का. मी इकडंतिकडं बघायला लागले तर पुन्हा विचार. उत्तर मला पाठ आहे गं, पण कुणी विचारल्याशिवाय ते माझ्या तोंडून निघणार नाही, आणि तिथं बसलेल्यांपैकी दुसरं कुणी विचारणार नाही.