स्वरयंत्र अर्धं, आत्मविश्वास पूर्ण

३ जून
आवाज बसलाय. मृदुला म्हणते, डॉक्टरला दाखवा. लग्न झाल्यापासून ती घाबरटच. मला स्वतःला हा खर्ज आवडतो. मंडळाच्या गणपतीत निवेदन मीच करतो, तिथे शोभेल. कारण उघड आहे : थंडगार छास, म्हणजे इथलं गुजराती ताक. छास बंद. सिगारेटही कमी, फक्त सकाळची ठेवली, पोटासाठी.

२१ जून
फरक नाही. लेक ईशानीनं रिक्षात कोंबून डॉ. स्नेहलताबेनकडे नेलं. नाकातून दुर्बीण. उजव्या स्वरतंतूवर गाठ. तुकडा तपासायला घेतला. बेन म्हणाल्या, काका, चिंता ना करो. मी करतच नव्हतो. उगाच सुचवलं.

२ जुलै
कॅन्सर. पण छोटा! बेननी चित्र काढून सांगितलं, स्वरतंतूंतून मानेतल्या गाठींकडे जाणारे रस्ते फार कमी, म्हणून इथला कॅन्सर सहसा लवकर तिकडे पोचत नाही. थोडक्यात, माझा घरबशा आहे. पुढे म्हणाल्या, तो समोरून दुसऱ्या तंतूवर सरकू शकतो, खाली उतरू शकतो, कूर्चेतही घुसू शकतो. ते इतर पेशंटांचं असावं.
अर्धं स्वरयंत्र काढणार. म्हणजे अर्धं राहणार. सिगारेट कायमची बंद. उद्यापासून.

१४ जुलै, सकाळी
आज ऑपरेशन. मुळीच घाबरलो नाही. बीपी वाढलंय ते जिना चढल्यामुळे. सिस्टर म्हणाली, तुम्हाला लिफ्टनं आणलंय. वाद घातला नाही.

१७ जुलै
गळ्याला भोक, त्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची, बोलायची बंदी. पाटीवर लिहितो. माझं वाक्य पुरं होईपर्यंत मृदुला चष्मा शोधते.

२४ जुलै
गिळायला शिकवतात : मान खाली, श्वास रोखा, गिळा, खोका. मला शिकवायची गरज काय? जन्मापासून गिळतोय. सिस्टर कोमलबेन वळल्या तसा चहाचा घोट घेतला. श्वासनलिकेत गेला. अख्खा वॉर्ड गोळा झाला. नाकातली नळी आणखी काही दिवस. चहा फार पातळ होता, त्यामुळे झालं.

२९ जुलै
रिपोर्ट आला. घरबशा कसला! समोरून डाव्या तंतूवर गेला होता, थोडा खालीही. पण कूर्चा वाचली, कापलेल्या कडा स्वच्छ, मानेत काही नाही. मी सांगतच होतो. मृदुला रडली. तिला सोबत म्हणून मीही थोडा रडलो.

६ ऑगस्ट
गळ्यातली नळी निघाली. बोलायला परवानगी. पहिलं वाक्य मृदुलालाच, असं ठरवलेलं. ती डबा करायला घरी गेलेली, माझा मोबाइल ईशानीकडे. कोमलबेनचा मागून घेतला, घरच्या फोनवर लावला. खर्जात विचारलं, ओळख पाहू कोण? आवाज पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा निघाला.
तिनं ओळखलं नाही. म्हणाली, हे दवाखान्यात आहेत, आपण कोण? गडबडून मी म्हणालो, मित्र.
मग म्हणाली, भाऊ, जमलं तर त्यांना भेटून या. फार घाबरलेत हो ते. दाखवत नाहीत, पण झोपेतसुद्धा माझा हात सोडत नाहीत.
भेटतो म्हणालो.