कोपर कापू नये

लाकडी तिपाई, निगेटिव्हवरून मोठी प्रत काढायचा डब्याच्या पत्र्याचा एन्लार्जर, फोटो कापायचा कटर, रविवारी फोटो लावायचा उतरता फळा आणि बायकोसाठी बिनपाठीचं स्टूल, एवढ्या वस्तू मी, खाली सही करणाऱ्याने, स्वतःच्या हातांनी केल्या. कुणाकडे शिकायला गेलो नाही. वय छप्पन्न, काम लेथवरचं, छंद फोटोग्राफीचा. फुप्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं ते नीट समजलं आहे. डोकं ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपणाखाली काही करण्याची माझी ख्यातीही नाही.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीची. उत्तरेच्या खिडकीची खोली तिने रविवारी सकाळी मंडळींसाठी उघडी ठेवावी, ही विनंती आहे, अट नाही. हौशी फोटोवाले तिथे जमतात, फोटो फळ्यावर लावतात आणि मी दोष सांगतो. नियम एकच. फोटो फळ्यावर असेतोवर काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. ज्याची बाजू मांडावी लागते, तो फोटो पडलाच.

२. तिपाई जावईबापूंस. खोक्यावरचे आकडे वाचून त्यांनी कॅमेरा घेतला. आधी तिपाई घ्या, असं मी सांगितलं होतं. "बाबा, आता कॅमेराच हात सावरतो," म्हणाले. सावरत असेल. माझ्या पश्चात तरी ऐका.

३. एन्लार्जर, ट्रे व लेन्सा मास्तरांना. निवृत्त शिक्षक, आणि माझ्याकडे घडलेला सगळ्यात पक्का हात. कटर मात्र त्यांना देऊ नये. कारण पुढे येईल.

४. कटर सूर्यास्तला. हा दातांचा डॉक्टर दर रविवारी मावळता सूर्य घेऊन येतो, म्हणून हे नाव. "अरे, सूर्य रोज मावळतो, त्यात तुझं काय?" असं मी विचारायचो. "रोज वेगळा मावळतो हो, उस्ताद!" आजवर त्याला एक कागद सरळ कापता आलेला नाही. कटर त्याच्याकडे सुरक्षित राहील.

५. आता मुख्य गोष्ट. बायको रविवारी त्या स्टुलावर बसून सगळ्यांना चहा ओतायची. फोटोतलं मला काही कळत नाही, म्हणायची. पण चांगला फोटो लागला की ओतता ओतता तिची किटली थांबायची. मंडळी माझं तोंड उघडण्याआधी किटलीकडे बघायची. मीही बघायचो. कसा काढला ते मला कळायचं. कशासाठी काढला ते तिला.

एका रविवारी मी क्षितिज सरळ का हवं ते समजावत होतो, आणि माझ्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली. ती म्हणाली, "अहो, आधी स्वतःचं क्षितिज बघा!" खोलीभर हशा झाला. हसता हसताच सूर्यास्तने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फोटो डावीकडे कललेला, फोकस मागच्या पडद्यावर, तिचा हसरा चेहरा धूसर, चहाची धार कपाबाहेर. उजव्या कडेला माझं कोपर. पुढच्या रविवारी तो फळ्यावर लागला. मी चार दोष सांगितले, चारही बरोबर होते. किटली थांबली होती. "हा मला हवा," ती म्हणाली.

मी जन्मभर कॅमेऱ्यामागे. आम्ही दोघं एकत्र असलेला हा एकच फोटो. माझ्या वतीने कोपर हजर आहे.

ती गेल्यावर शोकसभेसाठी मास्तरांनी मायेने खपून त्याची मोठी प्रत केली. क्षितिज सरळ, कडा कापलेल्या, चहा गेला, चेहरा बरोबर मधोमध. अगदी मी शिकवल्याबरहुकूम. समोर बसलो, तर ही बाई कोण ते क्षणभर कळेना. "मास्तर, कोपर कुठंय?" "उस्ताद, ते लक्ष वेधून घेत होतं."

मास्तर, राग नाही. पण कटर मिळणार नाही.

६. मूळ फोटो व निगेटिव्ह मुलीकडे. "बाबा, आईचा चेहरा फोनवर मिनिटात नीट होईल, करून देऊ?" असं तिने दोनदा विचारलं. नको गं पोरी. तो सरळ करू नये, स्पष्ट करू नये, कुठूनही कापू नये. चौकट भिंतीवर लावताना मात्र लेव्हल धरून सरळ लावावी.

७. स्टूल फळ्याशेजारीच राहावं. त्यावर कुणाला बसवायचंच झालं, तर फोटोतलं काही कळत नाही असं म्हणणारं माणूस बसवावं.

ज्यांना काही मिळणार त्यांना साक्षीला घेऊ नये, असं वकील म्हणाले. म्हणून माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करणारे साक्षीदार हे:
खालच्या मजल्यावरचे शिंपी (तो शर्ट त्यांनीच शिवला होता, बटणांचा दोष त्यांचा नाही)
माझ्यावर उपचार करणारे डॉक्टर

सही केली.
ठिकाण: उत्तरेच्या खिडकीची खोली
रविवार, ९ मार्च २०२५

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर: चहाच्या एका कंपनीचा जाहिरातवाला सूर्यास्तच्या दवाखान्यात या फोटोची प्रत पाहून माझ्याकडे आला होता. माणूस सभ्य. माझ्यानंतर तो मुलीकडे येईल, म्हणून तिला माहीत असावं. "बाईंचं हसू आहे तसंच ठेवू," म्हणाला, "फक्त जरा सरळ करू, आणि कडेचं ते कोपर काढू." मी नाही म्हटलं. चार लाख देत होता.