पेटीतला माणूस

कासलबार, आयर्लंड, ३ मार्च

ति. दादास साष्टांग नमस्कार.

मेलेल्याचं नाव ठाऊक नसेल, तर त्याला काय म्हणून हाक मारायची? गावातला टॉवर बंद पडल्यापासून तुमचा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र.

माझे घरमालक डेक्लन इथल्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. इथला जुना दुष्काळ म्हणजे इंग्रजांनी केलेला वंशसंहार, असं ते भरल्या डोळ्यांनी सांगतात. मी खानदेशातली भिल्ल, हे कळल्यावर त्यांनी हौसेनं माळ्यावरून पेटी काढली. त्यांचे खापरपणजोबा तिकडे इंग्रजांच्या फौजेत होते. पेटीत कवटी आहे. कपाळावर शाईनं ‘भिल्ल’ लिहिलंय. हाही वंशसंहारच ना, असं मी विचारलं. तर म्हणाले, छे, ती बंडखोरांवरची कारवाई.

आता म्हणतात, खुशाल गावी ने, फक्त मंडळाच्या एप्रिलच्या सभेत आमच्या घराण्याचं नाव घेऊ नकोस. पेटी मी माझ्या खोलीत आणून ठेवलीय. आईला सांगू नकोस.

माया आहेच, ती राहू दे.
तुझी क्षितिजा

धडगाव, २२ मार्च

चि. क्षितिजास आशीर्वाद.

घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, आणि मारलेल्या माणसाला छपराखाली घेतलंस? अशा माणसाला घरात आणत नाहीत; त्याच्या आठवणीचा दगड गावाबाहेर उभा करतात, आणि तो होईपर्यंत माणूस कुणाचाच नसतो. आईला सांगावंच लागलं. तेव्हापासून ती ओसरीवर एक ताट जास्त वाढते आणि कुणाला उचलू देत नाही.

तो देतोय तर गप्प राहून घेऊन ये. भाषणं नंतर कर. तुझं तिथं राहायचं परमिट तुझ्या ऑफिसच्या हातात आहे, हे विसरू नकोस. दगड आम्ही निवडून ठेवलाय.

जपून राहा.
तुझा सतीशदादा

कासलबार, १९ एप्रिल

ति. दादास साष्टांग नमस्कार.

रागावशील, तरी पूर्ण वाच. काल सभेत डेक्लन दुष्काळावर बोलले, अर्धा हॉल रडला. मग मी उठले आणि त्यांच्या खापरपणजोबांचं नाव घेतलं. रडणं थांबलं. मागच्या रांगेतल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, आमच्या दुःखाशी तुलना नको. बाहेर कुणी माझ्याशी बोललं नाही. घरी आले तर सामान दाराबाहेर होतं. ऑफिसातूनही सोमवारी भेटायला बोलावलंय.

गुपचूप आणला असता, तर तो आपल्या गावात चोरासारखा आला असता. मला ते नको होतं. आता कधी येईल, कुणी सांगत नाही. आईला एवढंच सांग की तो डेक्लनकडे नाही. सभेला जाण्याआधीच मी पेटी पोलिसांकडे नेऊन दिली होती, आणि खून झालेल्या माणसाचं डोकं अशीच नोंद करून घेतली.

रागातही आठवण ठेव.
तुझी क्षितिजा