शिवणयंत्राच्या खणातल्या नऊ गोष्टी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, छापखान्यात एकेचाळीस वर्षे प्रूफं तपासून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र राहत्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजारणीचे मत निराळे आहे, पण ते जोडण्याची कायद्यात सोय नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणण्याइतके जवळ आता कोणी येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत हे वर्ष संपायच्या आतली आहे, म्हणून ही घाई.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे वाचनालयाला देऊन टाकले होते. ते रागाच्या भरात केले होते, ते रद्द समजावे. राग कोणावर होता ते कलम सहामध्ये येईल.

कलम एक. या पत्राची अंमलबजावणी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी करावी. त्यांनी आजवर कोणाचे एक पुस्तक इकडचे तिकडे होऊ दिलेले नाही, तेव्हा माझ्या दोन खोल्या त्यांना जड जाणार नाहीत.

कलम दोन. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या एकुलत्या एका मुलीला द्यावे. ती दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे काम करते. याच घरात ती वाढली. तिचे वडील गेल्यावर माझी बहीण चार वर्षांच्या तिला कडेवर घेऊन आणि शिवणयंत्र हमालाच्या डोक्यावर देऊन इथे, आमच्या लहानपणच्याच घरी, परत आली, ती शेवटपर्यंत इथेच राहिली. खिडकीची उजवीकडची कडी नीट लागत नाही. ती दुरुस्त करून देणार होते, ते राहिले.

कलम तीन. बँकेतली ठेव भाचीलाच द्यावी. तिला वाटले तर ती पुस्तक छापण्यासाठी वापरावी, नाही वाटले तर खिडकीसाठी. कोणते पुस्तक, तेही कलम सहामध्ये.

कलम चार. माझे भिंग, पोलादी पट्टी आणि दोन्ही शब्दकोश औषधांच्या दुकानातल्या कवीला द्यावेत. त्याच्या कविता लांब असतात, पण तो दुरुस्ती सांगितली की तोंड पाडत नाही. तांबडी पेने कोणालाही देऊ नयेत. ती फेकून द्यावीत, आणि हे मी गमतीने लिहीत नाही. भिंतीवरचे घड्याळ निवृत्त मुख्याध्यापकांना द्यावे. त्यांनी आमच्या बैठकीत सतरा वर्षे अध्यक्षीय समारोप केला आणि एकदाही तो वेळेत संपवला नाही.

कलम पाच. ही बैठक म्हणजे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरणारी लिहित्या लोकांची बैठक. ती मी सुरू केली. वीस खुर्च्या, एक टेबल आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा एवढ्यावर ती चालते. रीत अशी: ज्याला वाचून घ्यायचे आहे त्याने आपले लिखाण नाव न घालता डब्यात टाकायचे. ग्रंथपालबाई ते वाचून दाखवतात. कागद फक्त त्यांच्या हातात असतो, म्हणजे अक्षरावरून कोणी ओळखू नये. मग सगळे बोलतात. लिहिणाऱ्याने गप्प बसायचे. शेवटी त्याला वाटले तर त्याने हात वर करायचा, नाही वाटले तर कागद पुन्हा डब्यात जातो आणि तो सवडीने घेऊन जातो. तोंडासमोर कोणी खरे बोलत नाही, म्हणून मी ही रीत घातली. मला तिचा फार अभिमान होता.

लिखाण छापायला कसे पाठवावे हेही मी तिथे शिकवले. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. समास सोडा. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. सोबतच्या पत्रात आपल्या गोष्टीची स्तुती करू नका, ते काम गोष्टीला करू द्या. तीन महिने संपादकाला फोन करू नका. करारावर सही करण्याआधी तो वाचा, आणि कळला नाही तर कळला असे दाखवू नका. आमच्या बैठकीतल्या शिंपीकाकांनी हे शेवटचे ऐकले नाही आणि त्यांचे आत्मचरित्र मधल्या सोळा पानांशिवाय बाजारात आले. त्यांचे लग्नच त्यात झालेले नाही. काकू अजून प्रकाशकाला शिव्या घालतात.

ज्याचे लिखाण साभार परत आले असेल त्याला बैठकीत हातांच्या खुर्चीत बसवायचे, ही आमची आणखी एक रीत. तशी खुर्ची एकच आहे. कंडक्टर, म्हणजे बसवर तीस वर्षे काढलेले आमचे जुने सभासद, त्या खुर्चीत इतके बसले की आता तिचा आकारच त्यांच्यासारखा झाला आहे. नंतर त्यांचे प्रवासाचे पुस्तक निघाले तेव्हा टाळ्या वाजवून झाल्यावर ते म्हणाले, "आता मला ती खुर्ची मिळणार नाही का हो बाई?" माझी विनंती आहे की ही खुर्ची, हा डबा आणि या दोन्ही रीती तशाच चालू ठेवाव्यात. फक्त एक बदल करावा. कोणीही बोलताना "हे काढून टाका" असे म्हणू नये. "मला हे पटले नाही" इथवर थांबावे.

मी स्वतः त्या डब्यात कधीच काही टाकले नाही. लोक विचारत. मी म्हणायची, "मी दुसऱ्यांचं तपासते. मला स्वतःचं असं काही सुचत नाही." हे मी मनापासून म्हणत होते.

कलम सहा. माझ्या घरात शिवणयंत्राच्या खालच्या खणात परवापर्यंत नऊ गोष्टी होत्या. त्या माझ्या बहिणीने लिहिलेल्या आहेत. त्या माझ्या मालकीच्या नाहीत, म्हणून त्या मी कोणाला देऊ शकत नाही. ज्याच्या त्याला परत करू शकते. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, एवढे दोन ओळींत लिहा आणि पुढे चला. दोन ओळींत ते बसत नाही.

आमचे आईवडील एका पावसाळ्यात पाठोपाठ गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि ती आठची. मी छापखान्यात लागले. ती वहीत काहीबाही लिहीत असे. ती चौदाची झाली तेव्हा मी तिची वही काढून घेतली आणि हातात कात्री दिली. "घरात शब्दांवर पोट भरणारी एक पुरे," असे मी तिला म्हणाले. मला वाटले मी तिचे भले करते आहे. ती शिवण शिकली, उत्तम शिकली. माझ्याकडची रद्द झालेली प्रूफं मी घरी आणायची, ती त्यांच्या कोऱ्या बाजूवर कपड्यांचे बेत आखायची. ती त्यावर आणखी काही करते, हे मी कधी पाहिले नाही. एकाच घरात.

बैठकीला ती दर वेळी यायची, चहाचा थर्मास घेऊन. दाराजवळ बसायची. बारा वर्षांपूर्वी एका शनिवारी डब्यातून एक गोष्ट निघाली. दोन बहिणींची. थोरली पोस्टात कामाला, कडक, घरात हसू न देणारी. धाकटीच्या पायाला प्लॅस्टर. वाचून झाल्यावर सगळे माझ्याकडे बघू लागले, मी नेहमी आधी बोलायची म्हणून. मी म्हणाले, "भाषा बरी आहे. पण ही थोरली पहिल्या ओळीपासून दगड आहे, आणि मधल्या परिच्छेदात एकदम माणूस होते. असं होत नाही. लेखिकेला तिच्यावर माया करायचीय, म्हणून तिने ते घुसडलंय. तो परिच्छेद काढून टाका." कंडक्टर म्हणाले, "मला तर तोच आवडला." मी त्यांना गप्प केले. कोणीही हात वर केला नाही. बहिणीने सगळ्यांना चहा दिला. घरी येताना मी तिला विचारले, "तुला कशी वाटली ती गोष्ट?" ती म्हणाली, "ताई, तू म्हणालीस तशीच."

पाच वर्षांपूर्वी ती गेली. महिन्याभराने मी यंत्राला तेल घालायला खण उघडला, तर प्रूफांच्या पाठीवर तिचे अक्षर. पहिलीच ती गोष्ट. मधला परिच्छेद कात्रीने सरळ कापून काढलेला, आणि वरचा नि खालचा कागद बारीक टाक्यांनी एकमेकांना जोडलेला. तिची टीप कधी वाकडी गेली नाही, इथेही नाही. थोरलीच्या तोंडी ते वाक्य होते, शब्दांवर पोट भरणारी एक पुरे. तेव्हा मला कळले. बैठकीत वाचले गेले तेव्हा ते वाक्य माझ्या कानावरून गेले होते, आणि मला ते फक्त जरा बटबटीत वाटले होते.

बाकीच्या आठ गोष्टी तिने नंतर लिहिल्या. त्या चांगल्या आहेत. हे मी बहीण म्हणून नाही, एकेचाळीस वर्षे हेच काम केलेली बाई म्हणून लिहिते. त्या आठांत थोरली बहीण कुठेच नाही. मी शोधली.

मला दुःख व्हायला हवे होते, आधी राग आला. मी तिच्यासाठी जन्म काढला आणि तिने मला दगड केले, असे वाटले. त्याच आठवड्यात भाची आली आणि म्हणाली, "मावशी, आईच्या हातचं लिहिलेलं काही आहे का गं? काहीही चालेल." मी म्हणाले, "मापांची वही आहे. बाकी काही नाही." ती वही घेऊन गेली. त्यानंतर मी ते पहिले मृत्युपत्र केले. मेलेल्या माणसावर राग काढता येत नाही, म्हणून तो मुलीवर काढला.

दर रविवारी भाची येत राहिली. औषधे आणायची, बिछाना बदलायची. मी खण बंद ठेवला.

गेल्या महिन्यात बैठकीत कोणाच्या तरी आजारी मुलाची गोष्ट वाचली गेली. जिना उतरताना कंडक्टर सहज म्हणाले, "आजारपणाची गोष्ट म्हटली की मला ती उंटाचीच आठवते."

"कुठल्या उंटाची?"

"अहो, तुम्ही परिच्छेद काढायला लावलेली! ती पोरगी आत पडून असते, तिला खिडकी दिसत नाही. मग थोरली कामावरून आली की खिडकीत बसून तिला बाहेरचं सांगते, सगळ्या थापा. समोर न्हाव्याकडे उंट केस कापायला आलाय, खुर्चीत मावत नाही, न्हावी स्टुलावर चढलाय. दुसऱ्या दिवशी तो उंट पैसे न देता पळाला. असं पंधरा दिवस. मी बसमध्ये पोरांना सांगायचो की तो उंट."

माझ्या बहिणीच्या पायाला कधी प्लॅस्टर नव्हते. आठ वर्षांची असताना तिच्या डोळ्यात तेल उडाले होते आणि पंधरा दिवस डोळ्यांवर पट्टी होती. पोस्टाच्या जागी छापखाना आणि पायाच्या जागी डोळे घातले की ती गोष्ट आमची होते. मला ती पट्टी आठवते. थेंब घालायच्या वेळा आठवतात. डॉक्टर काय म्हणाले तेही आठवते. खिडकीत बसून मी काही सांगितल्याचे आठवत नाही.

तो परिच्छेद कंडक्टरांच्या सांगण्यावरून पुन्हा लिहून काढायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तो शुद्ध झाला आणि मेला. कागद फाडून टाकले. गोष्टी छापल्या गेल्याच तर तिथे कोरी जागा सोडावी, कोणीही ती भरू नये.

या गोष्टी माझ्या मागे मिळाव्यात असे मी आधी लिहिले होते, म्हणजे भाचीच्या तोंडाकडे बघायला नको. ते पान बदलले. परवाच्या रविवारी मी तिला खण उघडून दिला आणि वर लिहिले ते सगळे सांगितले. ती यंत्रापाशी उभी राहूनच वाचू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पाच वर्षं मी मापं वाचतेय, मावशी. छाती बत्तीस, बाही अकरा."

मी म्हणाले, "माझं चुकलं." तिने मान हलवली, हो म्हणून. छापायचे की नाही ते मी ठरवीन, असे म्हणाली. ते तिने ठरवायचे आहे, आणि त्याबद्दल कोणी तिला सल्ला देऊ नये. मग तिने कागद पिशवीत घातले. मी विचारले, "उंटाचं तुला माहीत होतं?"

"आई रोज झोपताना सांगायची. मी म्हणायचे, तू किती छान रचतेस गं. तर म्हणायची, ही माझी नाही, ताईची आहे. मला येतं ते सगळं तिथूनच आलं."

पुढच्या रविवारी येणार का, असे मी विचारले नाही. घर आणि ठेव तिचीच, त्यात बदल नाही.

कलम सात. अंत्यविधी साधा करावा. मुख्याध्यापकांना बोलू देऊ नये.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे. एकही दुरुस्ती केलेली नाही. बहिणीने तो परिच्छेद माझ्यासाठी लिहिला होता, मी तो ऐकला आणि काढायला लावला. कंडक्टरांनी जिन्यात सांगितल्यापासून रोज खिडकीत बसते. समोर न्हाव्याचे दुकान अजून आहे. मला उंट आठवत नाही.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: सोळा, महिना आठवा, मंगळवार, सकाळी अकरा

(सही) लिहून देणारी

आमच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार एक: निवृत्त बस कंडक्टर (सही)
साक्षीदार दोन: शेजारीण, दुसरा मजला, समोरचे दार (सही)