शेवंता, येडगाव

शनिवार संध्याकाळ, नोव्हेंबर १९९९, पिंपळवंडी

शाळेच्या मेळाव्याला जुन्या विद्यार्थिनींना बोलवायचंय, म्हणून जुन्या हजेरीपटावरची नावं मी कॉम्प्युटरवर टाइप केली. त्यातून आईबरोबर एका वर्गात शिकलेल्या मुली तेवढ्या निवडणारा, सी भाषेतला छोटा प्रोग्रॅम लिहिला. पण शेवटचं नाव दोनदा येतंय. शेवंता, येडगाव. शेवंता, येडगाव. फाइलमध्ये ते एकदाच आहे, तीनदा पाहिलं.

चूक आहे म्हणून कागद आईला दाखवला. ती म्हणाली, "चूक कशाची? दोघी व्हत्या की. एकाच नावाच्या, एकाच गावच्या. एक नदीत गेली, मग गुरुजींनी तिचं नाव खोडलं."

खोडलेली नावं मी घेतलीच नव्हती. मग ही दुसरी आली कुठून? प्रोग्रॅम पुन्हा ओळीनं वाचून काढला.

कारण साधंच निघालं. फाइल संपल्याचं प्रोग्रॅमला एक पाऊल उशिरा कळत होतं. नवी ओळ मिळायची नाही, तरी तो हातातली जुनीच पुन्हा छापायचा. आता ओळ मिळाली का ते आधी तपासतो, मगच छापतो. शेवंता एकदाच आली. बरं वाटायला हवं होतं, नाही का?

आईनं नवा कागद पाहिला. "काढलीस व्हय तिला?"

मी पट उघडला. खोडलेल्या शाईखाली नाव अजून वाचता येतं. ते फाइलच्या शेवटी स्वतः टाइप केलं. दोघी आल्या.

आई कागदावरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता हिचं आवताण कुठं धाडशील?"