सहा नंबरच्या पिंजऱ्यातली तहान

सौ. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भावजींच्या कानाचा दडा निघाला, की अजूनही त्यांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं? माझं म्हणशील तर साखर, रक्तदाब, वजन सगळं बेतात आहे, फक्त पोटात दुखतं. (काढा पाठवू नकोस. आधी समोरच्या खोलीचं दार उघडलं की हे दुखणं सुरू व्हायचं, आणि संध्याकाळी त्या दाराला कुलूप लागलं की थांबायचं.)

तू सगळ्यांना सांगतेस की आमचा धाकटा औषधांचं काहीतरी करतो. तर एकदा नीट सांगतो. गेली बावीस वर्षं मी उंदरांना तहान लावतो. शरीरात एक संप्रेरक असतं. ते मेंदूतल्या एका चिमुकल्या जागी पोचलं की पोट भरून पाणी प्यायलेला उंदीरही पुन्हा बाटलीकडे धावतो. बाटलीचं वजन आधी करायचं, नंतर करायचं, फरक वहीत लिहायचा. मी हे तराजूवर, स्वतःच्या हातांनी करतो. आणि नर उंदरांवरच करतो, कारण माद्यांचे आकडे एका जागी राहत नाहीत. (हे भावजींना वाचून दाखवू नकोस. ते यावर काहीतरी बोलतील आणि तू त्यांना जेवायला वाढणार नाहीस.)

गेल्या वर्षी समोरच्या खोलीत एक बाई आली. वय अडतीस, आवाज हळू, टेबल इतकं स्वच्छ की बघून संताप यावा. तिच्याकडे फक्त माद्या. बाटलीचं वजन ती करतच नाही. उंदराने किती वेळा चाटलं ते मोजते. जीभ धातूच्या नळीला लागली की बारीकसा विद्युत्प्रवाह वाहतो आणि यंत्र एक आकडा पुढे सरकतं. महिन्यापूर्वी तिचा लेख मोठ्या नियतकालिकात आला: माद्यांच्या शरीरातलं स्त्री-संप्रेरक वाढलं की तीच तहान मऊ पडते. विभागप्रमुखांनी तो फलकावर लावला. त्या जागी सहा वर्षं माझा लेख होता, ताई. तो काढून त्यांनी माझ्या हातात दिला. वर, टाचण्याही परत द्या म्हणाले.

त्यानंतर मी जे केलं ते आईला कळलं असतं तर तिने मला कोपऱ्यात उभं केलं असतं. समोरची जेवायला गेली होती, दार नुसतं लोटलेलं होतं. माझी खात्रीच होती की तिचं यंत्र खोटं मोजतं. मी आत गेलो, दोन्ही हातमोजे काढले, सहा नंबरच्या पिंजऱ्यात एक हात जाळीवर टेकला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने नळीवर टिचक्या मारायला लागलो. दहा मारल्या, यंत्राने दहा मोजल्या. चाळीस मारल्या, चाळीस. हे माझ्याने बघवेना. आता तरी चुकेल म्हणून मी मारतच राहिलो. (पिंजऱ्यातली मादी कोपऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. इतक्या तुच्छतेने माझ्याकडे आजवर फक्त तुझ्या सासूबाईंनी पाहिलं होतं.) चारशे बारा! एकही चुकली नाही. मी हाताला लागला तो हातमोजा उचलून पळालो.

चार दिवसांनी बैठक. समोरची पडद्यावर आलेख दाखवत होती आणि सहा नंबरच्या रेघेवर दुपारी एक वीसला एक सुळका उभा होता. विभागप्रमुख खुर्चीतून उठले. म्हणाले, "ही कोण एवढी तहानलेली?" माझ्या घशाला कोरड पडली. क्षणभर वाटलं, गप्प बसावं. हा सुळका तिने पुढच्या लेखात छापावा आणि जगाने तिला हसावं. असं वाटलं, ताई, खोटं सांगत नाही.

ती शांतपणे म्हणाली, "ही नोंद मी वगळली आहे. उंदीर सेकंदाला सहा-सात वेळा चाटतो. हा जो कोणी आहे, तो दोनदाच चाटतो, आणि मधून मधून दमतो."

सगळे हसले. सर्वात मोठ्याने मी हसलो.

बैठकीनंतर तिच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "तो मी होतो."

"माहीत आहे, सर," ती म्हणाली. "हातमोज्यांची जोडी तुम्ही अर्धीच नेलीत." मग बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता तिने विचारलं, "तुम्ही माद्या का सोडल्या?"

मी म्हणालो, "पहिलं वर्षभर होत्या. पण दर चार-पाच दिवसांनी आकडे खाली यायचे. घोळ नुसता."

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. तिने चिठ्ठी खाली ठेवली. "दर चार-पाच दिवसांनी?" माद्यांचं चक्र तेवढंच असतं, ताई, आणि दर चक्रात ते स्त्री-संप्रेरक एकदा वाढतं. तिचा शोध बावीस वर्षांपूर्वी माझ्या वहीत पडलेला होता, आणि मी त्यावर लाल शाईने काट मारली होती.

ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "सर, त्या वह्या मिळतील? दोघांच्या नावाने लिहू." मी म्हणालो, घर बदलताना हरवल्या. ती "अरेरे" म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटलं. माझं पोट त्यानंतर जे दुखायला लागलंय ते अजून थांबलेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. वह्या हरवलेल्या नाहीत. तुझ्या माळ्यावर माझी पत्र्याची पेटी आहे, तीत तळाशी चार वह्या आहेत. त्या पाठव. सोबत तिचा पत्ता देतो आहे, थेट तिलाच पाठव. माझ्या हातात आल्या तर मी काय करीन याचा मला भरवसा नाही.

ता. ता. क. पाठवण्याआधी निळी वही तेवढी चाळ. त्या आकड्यांशेजारी समासात मी कुठे "का?" असं लिहिलं आहे का बघ. लिहिलं असेल तर लगेच फोन कर. नसेल, तर फोन करू नकोस.