सुमित्राबाई चार बोटे वर

गोंदिया,
दिवाळीचे पाहुणे गेल्यावर

प्रिय वच्छला,

मिशनच्या हॉस्टेलात असताना थंडीच्या दिवसांत गरम पाण्याची बादली आपण दोघी मिळून जिन्याने वर न्यायचो, आठवते? कडी एक आणि हात दोन, एक तुझा, एक माझा. वळणावर आलो की तू हटकून म्हणायचीस, "जमे, हात दुखला गं," आणि सोडून द्यायचीस. निम्मे पाणी जिन्यावर, उरलेले माझ्या परकरावर, आणि खालून सिस्टरांची हाक. परवा ओट्यावर बसले असताना ती बादली एकदम डोळ्यांपुढे आली आणि मी एकटीच हसले. म्हटले, हसलेच आहे तर तुला तरी कळवावे.

केशोरावांचा दमा कसा आहे? टाटानगरच्या धुराने तो वाढतो असे तू लिहिले होतेस. शामकलेला कितवा महिना? सुनेला जड काही उचलू देऊ नकोस. (उचलण्याच्या बाबतीत मी आता अधिकारवाणीने बोलू शकते. का, ते पुढे कळेल.) माझी प्रकृती ठीक आहे. गुडघे बोलतात. घरात दुसरे कुणी फारसे बोलत नाही, म्हणून त्यांचे ऐकून घेते.

तुला ठाऊकच आहे, हे गेल्यापासून भाताची मिल माझे धाकटे दीर भैयाजी पाहतात. ते, त्यांची सुमित्राबाई आणि मुलेबाळे पुढच्या बाजूला राहतात, मी मागच्या खोल्यांत. भांडण म्हणशील तर अजिबात नाही. ताट वेळेवर येते, ताट वेळेवर जाते. पण यांच्या वेळी सकाळपासून माणसांची जी ये-जा असायची ती अशी थांबली की दाराची कडी कुणी वाजवली तर मला वाटायचे वाराच आहे. तर या ज्येष्ठात खरोखरच कडी वाजली. भैयाजी, आणि त्यांच्या मागे हमालांचा मुकादम बकाराम. यांनी शेवटच्या आजारपणात कलकत्त्याहून एक यंत्र मागवले होते, ते रेल्वेने आले होते, आणि सोबतचे पुस्तक इंग्रजीत होते. "वहिनी, ये क्या लिखा है, जरा देखो ना," म्हणून भैयाजी दारातच उभे. मी त्यांना आत बसवले, चहा टाकला, आणि किती दिवसांनी एकापेक्षा जास्त पेले काढले.

यंत्र म्हणजे हायड्रॉलिक हातगाडी. पोत्यांची थप्पी लाकडी पाटावर रचायची, पाटाखाली गाडीचे दोन लोखंडी दात सारायचे आणि दांडा वरखाली हापसायचा. आत तेल असते, त्या तेलाच्या दाबाने अख्खा पाट जमिनीवरून चार बोटे उचलला जातो. मग एकटा माणूस पंधरा पोती ओढत नेतो. दांड्याला खटका असतो. एकीकडे केला की चढते, मध्ये ठेवला की नुसती चालते, दुसरीकडे केला की उतरते. पुस्तकात सगळे नियम होते. भार मधोमध ठेवावा. पाय दातांखाली नेऊ नये. उतारावर गाडीच्या पुढे उभे राहू नये. काम झाले की दात खाली टेकवून ठेवावेत. चाकांना वंगण द्यावे. मी रोज सकाळी एक पान वाचायचे आणि मराठीत सांगायचे. एकच पान. (भैयाजी म्हणायचे, आज दोन होऊन जाऊ द्या. मी म्हणायचे, इंग्रजी फार अवघड आहे. एवढ्या सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली मी!) पावसाळाभर मिल बंदच असते, घाई कुणाला होती? बकाराम रिकामा पाट उचलून सराव करायचा, माझ्याकडे बघून म्हणायचा, "बराबर हाय न जी बाई?" आणि मी पुस्तकात बोट ठेवून मान डोलवायची. फार छान पावसाळा गेला.

पण तेलाचे पान पुस्तकात शेवटी होते, आणि तेल रेल्वेतच थोडे सांडले होते. श्रावणात गाडी पुरती चढेना. बकारामने मला विचारले नाही, कारण त्या दिवसाचे पान वाचून झाले होते. त्याने घरून जवसाचे तेल आणले आणि भरले. आमच्याकडे भाजीला जवस, दिव्याला जवस, बैलाच्या खांद्याला जवस, मग गाडीनेच काय घोडे मारले होते? गाडीही खुशाल चढू-उतरू लागली. जवसाचे तेल महिनाभरात चिकासारखे घट्ट होते, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही, आणि मी दर दिवाळीला त्याचे डाग घासत आले आहे.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. आमच्या घरची रीत अशी की नव्या गाडीवर पहिला भार घरच्या सवाष्णीचा. सुमित्राबाई नऊवारी नेसून, मांडीत नारळ घेऊन पाटावर बसल्या. (अंगाने त्या भरल्या आहेत, हे मी प्रेमाने लिहिते.) मला अर्थातच कुणी बोलावले नव्हते. विधवेने दुरून बघावे, तशी मी ओट्यावरून बघत होते. तरी मी म्हणाले, की भैयाजी, गाडीवर माणूस बसवू नये असे पुस्तकात स्पष्ट आहे. त्यावर भैयाजी, "वहिनी, पुस्तकवाल्याले दसरा का माहीत?" सगळे हसले. बकारामने दांडा हापसला, सुमित्राबाई चार बोटे वर गेल्या, टाळ्या झाल्या. मग खटका उतरणीला केला. सुमित्राबाई वरच.

उतरा म्हटले तर पाऊल टाकायचा अवकाश. पण पूजेचा पाट जमिनीला टेकल्याशिवाय त्यावरून उठायचे नाही, घरची लक्ष्मी अधांतरी उतरते म्हणे. त्या हटून बसल्या. भैयाजी खटक्याशी झटत होते, हमाल दातांना लोंबकळत होते.

"काऊन उतरून नाही राहिली रे हे?"

"मले का माहीत जी! तेल त घरचा देलो, चोखा!"

"घरचा? कायचा?"

"जवसाचा."

"अरे, गाडी आहे का वांग्याची भाजी?" हे सुमित्राबाई, वरून.

मग सगळ्यांचे चेहरे ओट्याकडे वळले. मी उरलेली सगळी पाने उभ्या उभ्या वाचून काढली. दोन बोटांचे काम होते. पंपाच्या बुडाचा स्क्रू जरासा सैल करायचा, तेल हळूहळू गळू द्यायचे, कुणी दातांखाली हात-पाय घालायचा नाही. बकारामने स्क्रू सैल केला, आणि ते तेल मधासारखे, मोठ्या विचाराने, गळू लागले. सुमित्राबाई उतरत होत्या, पण नजरेला दिसत नव्हते. उन्हे वर आली, माणसे पांगली. तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊबाई, तिथं का उभ्या? इकडे या, मी एकटी कायले बसू?" मी जवळ जाऊन जमिनीवर बसले. वच्छे, त्या माहेरच्या नागऱ्याच्या जत्रेबद्दल बोलल्या, गेलेल्या मुलीबद्दल बोलल्या. मी यांच्याबद्दल बोलले. इतकी वर्षे एका घरात आहोत. पाट टेकला तेव्हा आम्हा दोघींनाही उठावेसे वाटले नाही.

त्यानंतर पंप घासलेटने धुतला, पुस्तकात सांगितलेले यंत्राचे पातळ तेल भरले, आतली हवा काढली. गाडी आता लोण्यासारखी चालते. बकारामला सगळे नियम तोंडपाठ झाले आहेत, नव्या हमालांना तोच शिकवतो. मिल सुरू झाल्यापासून सुमित्राबाईंनाही तीस माणसांच्या स्वयंपाकातून डोके वर काढायला फुरसत नाही. सर्व कुशल आहे. माझी काळजी करू नकोस, मला इथे काहीही कमी नाही.

तुझीच,
जमुना

ता. क. केशोरावांच्या कारखान्यात यंत्रांची इंग्रजी पुस्तके पडलेली असतील. एखादे पाठव. कोणत्याही यंत्राचे चालेल, यंत्र नसले तरी चालेल, भैयाजींना मी समजावीन. जाड असावे.

आणखी ता. क. आमचे दलाल ईश्वरदास टाटानगरला येत आहेत, त्यांच्यासोबत टोपली दिली आहे. शिंगाडे केशोरावांना, उकडून, एका वेळी थोडेच. चारोळी शामकलेला. जुना चिन्नोर तांदूळ घरात सगळ्यांना, पण पहिला भात सुनेच्या पानात वाढावा. वरची गोधडी होणाऱ्या बाळाची, धुऊन मगच वापरा. टोपलीत तुझ्यासाठी काही नाही, शोधू नकोस. तुझ्यासाठी इकडच्या कोशाच्या रेशमाचे पातळ घेऊन ठेवले आहे. ते कुणाच्या हाती देणार नाही. येऊन घेऊन जा.